‘मी आलो’ म्हणणारी बाई: बोलीच्या सामाजिक अभ्यासासाठी विद्यापीठातली साधनं कशी वापरायची

कोल्हापूर भागात कितीतरी बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. त्याच घरातली मुलगी शाळेच्या वहीत ‘मी आले’, ‘मी जाते’ लिहिते. पुण्याला नोकरीला गेली की ऑफिसात एक रूप, आईला फोन करताना दुसरं. कोण कोणतं रूप कुठं वापरतं आणि का, हा प्रश्न जितका व्याकरणाचा तितकाच समाजाचा आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला असा विषय घेतला, तर लागणारं बहुतेक साहित्य पुणे आणि कोल्हापूर इथल्या विद्यापीठांत आणि संस्थांत आहे. काम बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. रेकॉर्डर घेऊन आधी गाव गाठायचं, वीस तासांचं बोलणं साठवायचं आणि मग ग्रंथालयात जाऊन ‘यातून काय काढू?’ म्हणून शोधायचं, हा उलटा प्रवास फार महागात पडतो. पुढचा सगळा लेख ‘मी आलो’चंच उदाहरण धरून आहे. तुमचा विषय अहिराणीचा असो की मालवणीचा, क्रम हाच ठेवा.

आधी प्रश्न, तोही व्याकरणाच्या भिंगाखाली

‘कोल्हापुरी बोलीचा समाजभाषावैज्ञानिक अभ्यास’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: ‘गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावात बायका प्रथमपुरुषी एकवचनात -लो/-तो रूपं किती वेळा वापरतात आणि वय व शिक्षण यांनुसार ते प्रमाण बदलतं का?’ यात ठिकाण, माणसं, मोजायची गोष्ट आणि ती कशाशी ताडायची हे चारही आलं.

आता मोजायचं काय ते कागदावर लिहून काढा. इथे घाई केली तर पुढचं सगळं पोकळ ठरतं. ‘मी आलो/आले’, ‘मी जातो/जाते’, ‘मी यायचो/यायचे’ ही रूपं मोजायची, कारण प्रमाण मराठीत त्यांत बोलणाऱ्याचं लिंग दिसतं. ‘मी येईन’ मोजायचं नाही, भविष्यकाळात लिंगभेद नाहीच. ‘आम्ही आलो’ मोजायचं नाही, ते बाईपुरुष दोघांचं सारखंच. कोल्हापूरकडे एकटा माणूसही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, त्यामुळे नुसतं ‘आलो’ ऐकून खूण केली की आकडा फुगतो. कर्ता वाक्यात नसेल तर मागचं-पुढचं वाक्य ऐका आणि तरीही ठरत नसेल तर ते रूप ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवा.

सकर्मक भूतकाळ हा वेगळा खण. ‘मी भाकरी केली’ इथे क्रियापद भाकरीशी जुळतं, बोलणारीशी नाही; लिंगाच्या प्रश्नाला हे वाक्य निरुपयोगी. पण त्याच भागात ‘मी भाकरी खाल्लो’, ‘तो काम केला’ अशीही वाक्यं ऐकू येतात. तिथे क्रियापद कर्त्याशी जुळलेलं असतं आणि ‘त्यानं’मधला ‘नं’ गळलेला असतो. हे तपासायचं तर तृतीयपुरुषी वाक्यं लागतात, कारण ‘मी’चं रूप दोन्ही रचनांत ‘मी’च राहतं आणि ‘नं’ आहे की गळला ते त्यावरून कळत नाही. एका लघुप्रबंधात दोन्ही गोष्टी मोजायला हरकत नाही, पण दोन वेगळ्या तक्त्यांत.

ग्रंथालय: कुठे काय आहे

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. १८२१ साली हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनासाठी नव्यानं उघडली आणि १९९० मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. भाषाविज्ञानासाठी पहिला मुक्काम इथेच करावा. १९२८ साली लाहोरला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचं कार्यालयही इथेच आहे. तिच्या ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकाचे जुने अंक चाळायला एक अख्खा दिवस राखून ठेवा. समाजाच्या बाजूसाठी गोखले अर्थशास्त्र संस्था, म्हणजे १९३० साली स्थापन झालेली संस्था आणि तिचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. जनगणनेचे जुने खंड, सरकारी अहवाल, गावांच्या पाहण्या यांसाठी इथे जावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय प्रबंध आणि ऑनलाइन नियतकालिकांसाठी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून झालेले बोलींवरचे एम.फिल., पीएच.डी.चे प्रबंध आधी तिथे पाहावेत.

दुसऱ्या संस्थेचे विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांच्या सहीचं, लेटरहेडवरचं पत्र घ्या. त्यात विषय, काय पाहायचं आहे आणि कोणत्या तारखांना हे लिहिलेलं असावं. ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढंच लिहिलं तर काउंटरवरची व्यक्ती तुम्हाला सरळ वाचनकक्षात बसवते आणि तुम्हाला हवं असतं ते बंद कपाटात राहतं. ओळखपत्राच्या दोन प्रती आणि फोटो जवळ असू द्या. आदल्या दिवशी फोन करून दुर्मिळ विभागाची वेळ विचारा. ती बऱ्याचदा ग्रंथालयाच्या वेळेपेक्षा कमी असते. मोबाइलनं पानांचे फोटो काढायचे असतील तर परवानगी आधी, तीही लेखी.

संगणकावरच्या सूचीत शोधताना तीन प्रकारे शोधा: देवनागरीत, रोमनमध्ये आणि लेखकाच्या आडनावानं. मराठी पुस्तकांच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी रोमन लिपीत केलेल्या असतात. त्यात ‘बोली’चं स्पेलिंग एका नोंदीत शेवटी ‘आय’ लावून, दुसरीत दोन ‘ई’ लावून. देवनागरीतही ‘ॲ’ हे अक्षर संगणक दोन तऱ्हांनी साठवतो, त्यामुळे डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. अशा वेळी शब्दाचा ‘ॲ’ नसलेला तुकडाच टाका. सूचीत मिळालं नाही म्हणजे ग्रंथालयात नाही असं नव्हे. जुन्या कार्डांच्या खणांबद्दल विचारायला लाजू नका.

घरबसल्या पाहायची जागा म्हणजे शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा प्रबंधांचा साठा. मराठी प्रबंध शोधताना एक अडचण हमखास येते: अनेक प्रबंध स्कॅन केलेले आहेत किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर शोधता येत नाही. म्हणून विद्यापीठ, मग विभाग, मग वर्ष असं एकेक पायरी उतरत शीर्षकं डोळ्यांनी वाचत जा. दोन-तीन तास लागतात, पण हाती लागतं. प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. परिशिष्टाचा तुकडा आधी उतरवून घ्या, प्रश्नावली आणि शब्दयाद्या तिथेच असतात.

परदेशी नियतकालिकांसाठी आता पैसे मोजायची किंवा कुणाला गळ घालायची गरज कमी झाली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू आहे. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयं यांना तिच्यातून खुली झाली. घरून वाचायचं तर ग्रंथालयाकडून दूरस्थ प्रवेशाचं खातं घ्यावं लागतं. हे अर्ज परीक्षेच्या दिवसांत रेंगाळतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच करा.

आधी झालेलं काम कसं वाचायचं

जॉर्ज ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ चा, मराठीवर आहे. जुना म्हणून टाळू नका, पण त्याला काय विचारता येतं ते ओळखा. प्रत्येक बोलीचा मुख्य नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर. त्या गोष्टीत बोलणारे बाप, दोन मुलगे आणि एक नोकर. ‘मी’ म्हणणारी बाई नाहीच! त्यामुळे तुमच्या मुख्य प्रश्नाला तिथे उत्तर मिळणार नाही. ‘त्यानं संपत्ती वाटून दिली’सारखी सकर्मक वाक्यं मात्र भरपूर आहेत, तेव्हा ‘नं’ कुठे टिकला आणि कुठे गळला हे पाहायला तो खंड उत्तम.

दक्षिण सीमेवर काम करणाऱ्यानं जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा कुपवाडवरचा निबंध वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. सांगली जिल्ह्यातल्या या गावात मराठी, कन्नड, उर्दू शेजारी शेजारी नांदताना त्यांची वाक्यरचना एकमेकींजवळ कशी सरकली, हे त्यात दाखवलं आहे. जात, शिक्षण आणि बोलणं यांचा संबंध कसा मोजावा यासाठी मॅक्सिन बर्नसन यांचा फलटणच्या बोलीवरचा १९७३ चा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रबंध. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेली मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकं (कुडाळी, वारली वगैरे) वर्णनाची शिस्त शिकवतात. आणि ताजं काम म्हणजे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांचा बोली-सर्वेक्षण प्रकल्प. त्याच्या संकेतस्थळावर शब्द, व्याकरण आणि उच्चार यांचे जिल्हावार नकाशे खुले आहेत. तुमची रचना तिथे आधीच नोंदलेली असेल तर निराश होऊ नका. नकाशा ‘कुठे’ सांगतो. ‘कोण, कुणाशी, किती वेळा’ हे तुमच्यासाठी शिल्लक असतं.

शब्दांचं काम असेल तर मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे प्रदेशाची संक्षिप्त खूण असते, ती नोंदवायला विसरू नका.

आकडे: जनगणना काय सांगते, काय नाही

२०११ च्या जनगणनेचा सी-१६ तक्ता मातृभाषेचा. ‘कोल्हापुरी’ किती बोलतात हे त्यात शोधू नका, माणसं ‘मराठी’ सांगतात आणि तसंच लिहिलं जातं. अहिराणीवाल्यांनी मात्र जपून राहावं: जनगणनेत ती मराठीखाली नाही, ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली मोजली जाते, त्यामुळे मराठीच्या बेरजेत ती धरली की आकडा चुकतो. आपल्या विषयासाठी सी-१६ चा उपयोग कन्नड भाषकांचं प्रमाण काढण्यापुरता. त्यावरून तालुका निवडता येतो. सी-१७ मध्ये दुसरी आणि तिसरी भाषा आहे. जुनं चित्र हवं असेल तर १९६१ ची जनगणना पाहा. त्या वर्षी लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं फारशी न गाळता छापली आणि यादी १,६५२ पर्यंत गेली. त्याच वर्षीच्या गावपाहण्यांची पुस्तकंही ग्रंथालयात मागा.

घराघरांतली इंग्रजी, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र पाहायचं तर ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’चा कच्चा डेटा नोंदणी करून फुकट मिळतो. २००४–०५ मध्ये ४१,५५४ आणि २०११–१२ मध्ये ४२,१५२ कुटुंबांची ही पाहणी, ‘इंग्रजी बोलता येते का: अस्खलित, थोडी, अजिबात नाही’ असा प्रश्न विचारणारी. यातून एकट्या कोल्हापूर जिल्ह्याचं प्रमाण काढायचा मोह टाळा. नमुना जिल्ह्यासाठी घेतलेला नाही; एका जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठिकाणं येतात.

माणसं निवडणं आणि परवानगी

वयाचे तीन गट (१८–३०, ३१–५५, ५५ च्या पुढे), शिक्षणाचे दोन (सातवीपर्यंत, दहावी व पुढे), प्रत्येक खणात तीन बायका: एकूण १८. ‘तो काम केला’ तपासायला सहा पुरुष जोडा, झाले २४. कागदावर हे देखणं दिसतं. गावात गेल्यावर कळतं, पंचावन्नच्या पुढची दहावी शिकलेली बाई मिळत नाही. मग कुणी निवृत्त शिक्षिका शोधून तो खण भरतं, आणि तिघीही शिक्षिकाच असल्यामुळे शिक्षणाचा परिणाम आणि पेशाचा परिणाम एकमेकांत मिसळतो. त्यापेक्षा वयस्क गटात शिक्षणाचा भेद सोडा आणि ‘गावाबाहेर पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या’ व ‘न राहिलेल्या’ असे दोन भाग करा. काय बदललं ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

विभागाच्या नैतिकता समितीची मंजुरी गावात जाण्याआधी. बैठका वारंवार होत नाहीत, म्हणून दोन महिने हाताशी ठेवा. संमतीपत्र मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात. सही करायला संकोच वाटत असेल तर संमती तोंडी घेऊन रेकॉर्ड करा. आवाज कोण ऐकेल, किती वर्षं राहील आणि नको असेल तर कुणाला सांगून पुसून घेता येईल, या तीन गोष्टी वाचून दाखवायलाच हव्यात. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडी वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्डखाली. जात विचारायची असेल तर शेवटी आणि ‘सांगायचं नसेल तर राहू द्या’ असं म्हणून.

ध्वनिमुद्रण

फाईल डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला साधारण ५.३ एमबी, पाऊण तासाला २४० एमबीच्या आत. चोवीस जणांचं मिळून सहा जीबीही होत नाही. तेव्हा जागा वाचवण्यासाठी एमपी३ करू नका. विभागाचा रेकॉर्डर मिळत नसेल तर मोबाइल आणि कॉलरचा तारेचा माइक चालेल. माइक तोंडापासून १५–२० सेंटिमीटर खाली, मंगळसूत्र घासणार नाही असा. आवाजाचं उंच टोक -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान राहावं. मिनिटभराची चाचणी घेऊन हेडफोननं ऐका. पंखा कानाला जाणवत नाही, माइकला जाणवतो. कुकरची वेळ विचारून घ्या. पत्र्याच्या खोलीपेक्षा गाद्या-वाकळा रचलेली खोली बरी, तिथे आवाज घुमत नाही. फाईल व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. आवाज दाबला जातो आणि पुढे स्वरांची मापं भरवशाची राहत नाहीत.

‘तुम्ही मी आलो म्हणता का?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारलात तर मुलाखत तिथेच संपली असं समजा. ‘छे, आम्ही शुद्ध बोलतो’ असं उत्तर येतं आणि पुढचा पाऊण तास ती बाई प्रत्येक क्रियापद सांभाळून उच्चारते. ‘आज सकाळी उठल्यापासनं काय काय केलासा?’ इथून सुरुवात करा. उठणं, जाणं, येणं, बसणं ही अकर्मक क्रियापदं ओघानं येतात आणि मोजायची रूपं तीच आहेत. लग्न होऊन पहिल्यांदा या घरी आल्याचा दिवस, हा विषय निघाला की बोलणं सैल होतं. विचारणारी पुण्याच्या वळणाचं बोलत असेल तर समोरचीही ‘आले’कडे सरकते. म्हणून गावातलीच एखादी मैत्रीण प्रश्न विचारायला घ्या आणि तुम्ही शक्य तितक्या गप्प बसा. खोलीत कोण होतं, सासू कधी आली, शिक्षक दारात कधी उभे राहिले हे मिनिटासह वहीत टिपा. त्या क्षणी रूप बदलल्याचं नंतर दिसतं. पहिली दहा मिनिटं मोजणीत घेऊ नका. थेट प्रश्न सर्वांत शेवटी विचारा. त्या उत्तरातून लोक आपल्या बोलीकडे कसं पाहतात ते कळतं.

लेखन आणि मोजणी

ऐकलेलं बोलणं लिहून काढण्यासाठी नेदरलँड्सच्या माक्स प्लांक संस्थेचं ‘ईलान’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, स्वर-व्यंजनांची मापं काढायची तर ‘प्रात’. ईलानमध्ये प्रत्येक बोलणाऱ्याची स्वतंत्र ओळ, आणि खाली खुणांची एक ओळ. ईलानची फाईल आणि आवाजाची फाईल वेगळ्या असतात. एक हलवली की दुसरी सापडत नाही, म्हणून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये.

तासाभराच्या आवाजाला दहा तास धरा. प्रत्येकीची पंधरा मिनिटं घेतली तर २४ जणांचे सहा तास, म्हणजे साठ तासांचं काम. रोज तीन तास बसलात तर वीस दिवस. यात सर्वांत मोठा शत्रू आपला हात. कान ‘मी खाल्लो’ ऐकतो आणि बोटं सवयीनं ‘मी खाल्लं’ टाइप करतात. म्हणून दहावा भाग, सुमारे ३६ मिनिटं, दुसऱ्या व्यक्तीकडून तुमचं लिखाण न दाखवता लिहून घ्या आणि दोन्ही ताडून पाहा. उच्चारही महत्त्वाचा असेल तर ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे दाखवायला त्यातल्या एकाखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या, आणि पहिल्या फाईलपासून शेवटच्या फाईलपर्यंत तेच चिन्ह ठेवा.

मोजताना सगळ्यांची रूपं एका टोपलीत टाकू नका. एकीनं साठ वेळा ‘आलो’ म्हटलं आणि दुसरीनं आठच क्रियापदं वापरली, तर एकूण टक्केवारी म्हणजे पहिल्या बाईची टक्केवारी. आधी प्रत्येकीचं स्वतंत्र प्रमाण काढा, मग गटाचं. दहापेक्षा कमी रूपं मिळाली असतील तर त्या व्यक्तीच्या पंधराऐवजी पंचवीस मिनिटांचं लेखन करा. आणि एकाच वाक्यात ‘मी गेले… गेलो’ अशी दुरुस्ती झाली असेल तर ती आकड्यात न दडवता वेगळी लिहा, कारण बोलणाऱ्या बाईच्या मनातली ओढाताण तिथे ऐकू येते.

शेवटी प्रती. एक विभागात, एक तुमच्या हार्ड डिस्कवर, एक वेगळ्या जागी, आणि प्रत्येक आवाजासोबत साध्या मजकुराची माहितीफाईल: सांकेतिक क्रमांक, वयोगट, गाव, तारीख, यंत्र, हजर माणसं, संमतीच्या अटी. चौथी प्रत त्या बाईच्या घरी, पेन ड्राइव्हवर, तिच्या मोबाइलमध्ये लागेल अशा स्वरूपात. एमपी३ इथे चालेल.